समुपदेशनातलं नातं कुठे अडतं: सीमाभागात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग मांडले: कशासाठी भेटायचं, त्यासाठी दोघांनी काय करायचं आणि एकमेकांवरचा विश्वास. नवे समुपदेशक सगळा जोर विश्वासावर लावतात. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पुष्कळ जण घरच्यांनी आणलं म्हणून येतात आणि काम पहिल्याच भागात अडतं. सून पहिल्यासारखी कामाला लागावी एवढंच सासूला हवं असतं, सुनेला निदान रात्रीची झोप हवी असते. ध्येय सुनेच्या तोंडून ठरू द्या.

५० मिनिटांच्या पहिल्या भेटीत १० मिनिटं सगळ्यांचं ऐका. मग ‘मामी, आता थोडा वेळ यांच्याशी एकटीशी बोलते’ म्हणून इतरांना बाहेर बसवा. लगेच गुप्ततेचं सांगा, तेही अपवादांसकट: जिवाला धोका, कोर्टाचा आदेश, १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार (२०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो कळवावाच लागतो). सगळं बोलून झाल्यावर अपवाद सांगितले तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे.

तुमचं मराठी कच्चं असेल तरी सोबतच्या मुलाला दुभाष्या करू नका. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल आई मुलाच्या तोंडून कशी बोलेल? ‘जीव कशात लागत नाही’ हे शब्द आहेत तसे टिपा. नुसतं ‘नैराश्य’ लिहिलंत तर पुढच्या वेळी ‘जीव थोडा तरी लागला का?’ हे विचारायचं सुचणार नाही.

बेळगावच्या गणपत गल्लीत समोरासमोर आलात तर तुम्ही आधी ओळख दाखवणार नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगा. कुणी कुंद्याचा (बेळगावच्या मिठाईचा) डबा आणला तर छोटी भेट म्हणून घ्यायला हरकत नाही. महागडं काही मात्र नको.

खरी कसोटी नातं ताणलं जातं तेव्हा लागते. इथे भांडण क्वचित होतं. ‘हो हो, बरं आहे’ म्हणतात आणि यायचं थांबतात. बऱ्याचदा कारण घाईने दिलेला सल्ला असतो. ‘कसं वाटलं?’ विचारलं तर तुमचा मान राखायला ‘छान’च म्हणणार. म्हणून शेवटची ५ मिनिटं राखून विचारा: ‘आजचं कुठलं बोलणं घरी जमणार नाही?’ उत्तर आलं की स्वतःची बाजू मांडू नका, उपाय बदला.

भेट चुकली तर एकच फोन करा, आधी ठरवलेल्या नंबरावर, ठरवलेल्या वेळी. दुसऱ्या कुणी उचलला तर नाव सांगा, काम सांगू नका.