प्राण्यांचा गट ठरवताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात वारकरी पक्ष्यांचे थवे पाण्यावर पसरलेले असतात. काळंभोर अंग, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा. पोहतो म्हणून बहुतेक जण त्याला बदक म्हणून मोकळे होतात. राहणीवरून गट ठरवणं, ही सगळ्यात मोठी चूक. वारकरी काठावर चढला की त्याचे पाय बघा. बदकाच्या बोटांमध्ये सलग पडदा असतो. याची बोटं सुटी आणि प्रत्येक बोटाच्या कडेला चपट्या पाळ्या. हा पाणकोंबडीच्या कुळातला. अनुकूलन, म्हणजे राहणीला जुळणारी शरीररचना, सारखं दिसलं म्हणजे नातं जवळचं, असं नसतं. वटवाघूळ उडतं, पण पिलाला दूध पाजतं, म्हणून ते सस्तन.

द्राक्षबागेत हीच गफलत खिशाला चाट लावते. पानं निस्तेज, तांबूस पडली की ‘कीड आली’ म्हणत हाताशी असलेलं कीटकनाशक मारलं जातं, आणि फरक काहीच पडत नाही. फवारणीआधी पान उलटं करून भिंगातून पाहा. बारीक जाळी आणि तीत फिरणारे तांबडे ठिपके दिसले तर पाय मोजा. आठ भरले तर तो लाल कोळी, विंचवाच्या अष्टपाद वर्गातला, कीटकाला सहा. मात्र अंड्यातून नुकत्याच निघालेल्या कोळ्यालाही सहाच पाय असतात, त्यामुळे एकच नग बघून निकाल देऊ नका. दोघेही संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचे, पण वर्ग वेगळा, म्हणून औषधही वेगळं. अनेक कीटकनाशकं कोळ्यावर चालत नाहीत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड प्रकारच्या कीटकनाशकांच्या फवारणीने तर कोळ्याला खाणारे मित्रकीटकच मरतात आणि कोळी आणखी फोफावतो. कोळीनाशक कोणतं आणि किती, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून, लेबल वाचूनच ठरवा. माल निर्यातीला जाणार असेल तर औषधाचा अंशही तपासला जातो, हे विसरू नका.

गोगलगायीलाही सर्रास कीटक म्हटलं जातं, ती मृदुकाय, म्हणजे मऊ अंगाच्या प्राण्यांच्या गटातली. गांडूळ वलयी, म्हणजे अंगावर कड्यांसारखी वलयं असलेल्या गटातलं.

दहावीच्या मुलांनी एक वाक्य उत्क्रांतीवरच्या उत्तरातून कायमचं काढावं: ‘पाण्यात उभं राहता यावं म्हणून शेकाट्याने पाय लांब केले.’ कोणताही पक्षी ठरवून पाय लांब करत नाही. ज्यांचे पाय जन्मतः जरा लांब होते, त्यांना थोड्या खोल पाण्यातलंही खाद्य मिळालं. ते जगले आणि त्यांची पिलं वाढली. असं असंख्य पिढ्या चालत राहिलं. उत्तरात ‘पिढ्यानपिढ्या’ आणि ‘नैसर्गिक निवड’ हे दोन शब्द आलेच पाहिजेत.