क्लबफूट: प्लास्टर सुटलं म्हणजे उपचार संपला, असं धरू नका

बाळाचं पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली. हे दिसलं की रामबाग असो वा सुदामानगर, इंदूरच्या आपल्या मराठी घरांत पहिली चौकशी आईची होते: ग्रहणात काही चिरलंस का? ती चौकशी तिथेच थांबवा. हजारांत साधारण एका बाळाला क्लबफूट असतो, मुलांत मुलींच्या जवळपास दुप्पट, आणि ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसरी चूक मालिशवालीवर विसंबण्याची. पोटात अवघडून वळलेलं पाऊल हाताने सहज सरळ होतं आणि बहुधा आपोआप सुधारतं. खरा क्लबफूट ताठ असतो, तो तेलाने सुटत नाही. कोणता प्रकार आहे, हे हाडांच्या डॉक्टरांना ठरवू द्या. सव्वा महिना होईपर्यंत थांबायचं कारण नाही, पहिल्या एक-दोन आठवड्यांतच प्लास्टर सुरू करता येतं.

‘एकदाचं ऑपरेशन करून मोकळे होऊ’ हा विचार आकर्षक वाटतो, पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पाऊल सरळ दिसलं तरी पुढे आखडतं, दुखतं. अमेरिकेत आयोवाच्या डॉ. इग्नासिओ पॉन्सेटींची पद्धत आज जगभर पहिली मानली जाते: दर आठवड्याला पाऊल थोडं वळवून नवं प्लास्टर, बहुधा पाच ते सात वेळा. ते जांघेपर्यंत हवं, गुडघा वाकवून. गुडघ्याखालीच घातलं तर का, ते विचारा. शेवटी बहुतेक बाळांची टाचेची ताठ शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणारी दोरी) छोट्याशा छेदाने सैल करतात. ‘नस कापणार’ ऐकून इथेच काही घरं माघार घेतात. ती शीर तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरमध्ये पुन्हा जुळते.

प्लास्टरमध्ये बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. बोटं आत जाऊन दिसेनाशी झाली, तर प्लास्टर घसरलं आहे.

खरी गडबड मात्र त्यानंतर होते. पाऊल सरळ झालेलं असतं, आणि दांडी जोडलेले बूट पाहून आजी म्हणतात, लेकराला बेड्या कशाला? हेच बूट पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, मग रात्री आणि झोपेत, चार-पाच वर्षांपर्यंत घालायचे असतात. पाऊल परत वळण्याचं सर्वांत मोठं कारण हे बूट सोडणं. एकच पाय वाकडा असला तरी बूट दोन्ही पायांना. पहिल्या काही रात्री बाळ रडेल. दोन्ही पाय एकत्र हलवून खेळवलं की सवय होते. लग्नाला, आजोळी जाताना पिशवीत आधी बूट ठेवा.

टाच बुटातून निसटते? सुती मोजा घाला, मधला पट्टा घट्ट करा. लाल चट्ट्यावर मलम चोपडू नका, कातडी मऊ होऊन फोड येतो. तरीही रोज निसटत असेल, तर पाऊल वळू लागलं असेल, ताबडतोब दाखवा. अशा वेळी पुन्हा काही प्लास्टर घालून सावरता येतं.

खर्चाची चिंता असेल तर इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात विचारा. मुलांच्या मोफत तपासणी-उपचारांसाठी 2013 पासून चालणाऱ्या सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत क्लबफूट आहे. बोटं बुटाच्या कडेबाहेर आली की नवा जोड मागा; दांडीची रुंदीही बाळाच्या खांद्यांबरोबर वाढवून घ्यावी लागते.