क्रिस्टलला कपॅसिटर किती पीएफचे लावायचे आणि ऑसिलेटर नीट चालू कसा करायचा

बरेच जण मायक्रोकंट्रोलरच्या दोन पिनांना क्रिस्टल लावतात, बाजूला २२ पीएफचे (पीएफ म्हणजे पिकोफॅराड, कपॅसिटन्सचं माप) दोन कपॅसिटर ठोकतात आणि चाललं की विषय संपला. पुढे घड्याळ रोज एक-दोन सेकंद मागे पडायला लागलं की शिव्या क्रिस्टलला, आणि घोळ बहुतेक वेळा त्या दोन कपॅसिटरांचाच असतो.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. क्रिस्टलच्या डबीत क्वार्ट्झची पातळ चकती असते, दोन्ही बाजूंना धातूचा थर. व्होल्टेज दिलं की ती किंचित वाकते-सरकते, आणि तिच्यावर दाब आला की उलट व्होल्टेज तयार होतं (हा पिझोइलेक्ट्रिक गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला). चकती जितकी पातळ तितकी फ्रिक्वेन्सी जास्त, १६ मेगाहर्ट्झची साधारण ०.१ मिमी जाड असते. घड्याळातलं ३२७६८ हर्ट्झवालं मात्र चकती नसून छोटासा दोन पायांचा चिमटा असतो, आणि हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, म्हणून १५ वेळा दोनने भागलं की सेकंदाला बरोबर एक पल्स.

पण क्रिस्टल आपणहून थरथरत राहत नाही, झोक्यासारखं त्याला दर फेरीला योग्य वेळी धक्का लागतो. तो धक्का चिपमधला इन्व्हर्टर (घरातला बॅटरीवाला नाही, सिग्नल उलटा करणारं गेट) देतो. इन्व्हर्टर सिग्नल १८० अंश फिरवतो, उरलेले १८० अंश क्रिस्टल आणि दोन कपॅसिटर मिळून फिरवतात, सिग्नल परत जागेवर येतो आणि वाढत जातो; या सगळ्या जोडणीलाच ऑसिलेटर म्हणतात. सुरुवात होते ती पॉवर दिल्यावरच्या बारीकशा नॉइझमधून, त्यामुळे ३२ किलोहर्ट्झवाल्याला स्थिरावायला कधीकधी सेकंदभरही लागतो, लगेच बिघडलाय समजू नका.

स्टेप १: क्रिस्टलच्या डेटाशीटमध्ये लोड कपॅसिटन्स, म्हणजे सीएल (क्रिस्टलला बाहेरून दिसायला हवा तो एकूण कपॅसिटन्स), बघा. छापलेली फ्रिक्वेन्सी फक्त तेवढ्याच लोडला खरी असते.

स्टेप २: हिशोब. दोन्ही कपॅसिटर सारखे असतील तर सीएलमधून बोर्डाचा आणि पिनांचा कपॅसिटन्स वजा करा (अंदाजे ५ पीएफ धरा) आणि उत्तर दुप्पट करा. सीएल १८ असेल तर १३ दुणे २६, म्हणजे २७ पीएफ लावा. घड्याळी क्रिस्टलचा सीएल १२.५ असेल तर १५ पीएफ. आता त्याच १२.५ वाल्याला २२ चे लावले तर लोड होतो ११ अधिक ५, म्हणजे १६, आणि लोड वाढला की फ्रिक्वेन्सी उतरते. मागे पडणाऱ्या घड्याळाचं गणित हेच. पुढे पळत असेल तर उलट, कपॅसिटर थोडे वाढवा.

कपॅसिटर सीझीरोजी, म्हणजे एनपीओ प्रकारचेच घ्या, बाकीचे तापमानाने बदलतात.

स्टेप ३: क्रिस्टल चिपला चिकटून ठेवा, ट्रॅक छोटे, खालून दुसरा कुठला धावता सिग्नल नेऊ नका. सोल्डरिंगनंतर फ्लक्स (सोल्डरबरोबरचा चिकट पदार्थ) पुसून काढा, ३२ किलोहर्ट्झच्या सर्किटमध्ये करंट इतका कमी असतो की पिनांमधला ओलसर फ्लक्ससुद्धा ते बंद पाडू शकतो.

स्टेप ४: स्वतंत्र गेट वापरत असाल तर ७४एचसीयू०४ सारखा अनबफर्ड (आत एकच टप्पा असलेला) घ्या आणि इनपुट-आउटपुटमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर गेटचं आउटपुट शून्यावर किंवा पूर्ण व्होल्टेजवर अडकून बसतं. मायक्रोकंट्रोलरमध्ये हा रेझिस्टर सहसा आतच असतो. घड्याळी क्रिस्टल फार नाजूक, बऱ्याच क्रिस्टलांची झेपणाऱ्या पॉवरची मर्यादा १ मायक्रोवॉटच्या आसपास, म्हणून आउटपुटला सिरीज रेझिस्टर लागू शकतो.

स्टेप ५: मोजताना ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट क्रिस्टलच्या पायाला लावू नका! १०एक्स प्रोबचेच १०-१५ पीएफ असतात, १एक्सने तर ऑसिलेटर बंदच पडू शकतो, मग लोक चांगला क्रिस्टल फेकून देतात. चिपला क्लॉक आउट पिन असेल तर तिथे फ्रिक्वेन्सी काउंटर लावा. २० पीपीएमचा (दहा लाखात २० भाग) फरक म्हणजे दिवसाला १.७ सेकंद.

एवढं करूनही चिमटावालं क्रिस्टल २५ अंशांपासून वर किंवा खाली, कुठेही गेलं की मागेच पडतं, ४५ अंशांना साधारण १४ पीपीएम. ते कपॅसिटर बदलून सुटत नाही, तिथे टीसीएक्सओच (तापमानाप्रमाणे फ्रिक्वेन्सी आपोआप सुधारणारा ऑसिलेटर) घ्यावा लागतो.