खोल रेक डाइव्हसाठी आपण तयार आहोत का, कसं ओळखायचं

टेक्निकल डाइव्हिंगचं (नेहमीच्या हौशी मर्यादेपलीकडे खोल जायचं) प्रमाणपत्राचं कार्ड हातात आलं म्हणजे ६० मीटरवर बुडालेल्या जहाजात शिरायला आपण तयार झालो असं अजिबात नाही. त्या दिवशी, शांत पाण्यात, इन्स्ट्रक्टरसमोर तुम्हाला ते जमलं, एवढंच कार्ड सांगतं. खरं बघायचं ते हे की बोटं गारठलीयेत, समोर गाळ उठलाय, बडी (सोबतचा जोडीदार डायव्हर) खुणा करतोय, अशा वेळी जमेल का.

आधी गॅस, कारण तिथे आकडे लपत नाहीत. वर तुम्ही मिनिटाला २० लिटर घेत असाल तर ६० मीटरवर दाब ७ बार, म्हणजे मिनिटाला १४० लिटर. १२ लिटरची दोन सिलेंडरं २३० बारला भरली की साधारण ५,५०० लिटर होतात, ऐकायला भरपूर वाटतं. एक तृतीयांशच्या नियमाने (एक भाग जायला, एक यायला, एक राखीव) जायला मिळतात १,८०० लिटर, म्हणजे जेमतेम १३ मिनिटं. आता सगळ्यात आतल्या टोकाला बडीचा गॅस गेला असं धरा, दोघंही घाबरलेले, प्रत्येकाचा श्वास ४० लिटरवर, तर मिनिटाला ५६० लिटर जातात आणि तुमच्याकडचे उरलेले ३,७०० लिटर साडेसहा मिनिटांत संपतात, बाहेर पडायला मात्र त्याहून जास्त वेळ लागणार असतो!! म्हणून स्वतःचा घाबरलेला आकडा मोजा. उथळ पाण्यात पाच मिनिटं जीव खाऊन फिन मारा, आधीचं आणि नंतरचं प्रेशर बघा, आणि प्लॅन त्या आकड्यावर करा. हे एकदाही केलं नसेल तर माझ्या मते तयारी झालेली नाही.

हवेवर ६० मीटरला जाणारे अजून भेटतात, कृपया करू नका. नार्कोसिस (दाबाखालच्या नायट्रोजनची गुंगी) तर ३० मीटरपासूनच जाणवायला लागतो, पण त्याहून मला भीती वाटते ती गॅसच्या घनतेची. ६० मीटरवर हवेची घनता लिटरला ९ ग्रॅम होते आणि ६.२ च्या वर जाऊच नये असं सांगतात, कारण मेहनत करताना कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं जमत नाही आणि माणूस धापा टाकत सुटतो. १८/४५ ट्रायमिक्सवर (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन) तीच घनता ५.६ च्या आसपास राहते.

हाताचं काम १० मीटरवर तपासा. व्हॉल्व्ह बंद-चालू करायचा पूर्ण ड्रिल खोली न बदलता, मास्क काढून ६ मीटरवर २० मिनिटं तरंगणं, त्यातच एसएमबी (आपली जागा दाखवणारा, दोरीला बांधून वर सोडायचा फुगा) सोडणं. वर येताना दुसऱ्या सिलेंडरचा गॅस घ्यायला लागताना लेबल वाचायचं, खोली बघायची, बडीला दाखवायचं, दर वेळी, कारण ६ मीटरचा शुद्ध ऑक्सिजन चुकून २१ मीटरवर तोंडात घेतला तर ऑक्सिजनचा दाब ३.१ बार होतो आणि तिथे फिट आली तर वाचणं अवघड.

जहाजाचा भाग वेगळाच. १९५६ साली टकरीनंतर बुडालेलं आंद्रेया डोरिया ७५ मीटरच्या आसपास कुशीवर पडलंय, त्यामुळे भिंती छत झाल्यात, कॉरिडॉर विहिरीसारखे झालेत, आणि ते कोसळत चाललंय, म्हणजे जुन्या नकाशावर विसंबून चालत नाही. तिथे चांगल्या अनुभवी लोकांचेही जीव गेलेत. आपल्या बुडबुड्यांनी छताचा गंज खाली पडतो आणि क्षणात काही दिसत नाही. म्हणून उथळ रेकमध्ये मास्क झाकून फक्त दोरीच्या (आत जाताना वाटेसाठी बांधत नेलेल्या) आणि बडीच्या स्पर्शावर बाहेर येता येतं का ते बघा, स्टेज सिलेंडरं (बाजूला अडकवलेली जादा सिलेंडरं) लावून, दोरी मुद्दाम फिनमध्ये अडकवून. दोरी कापायचा कटर दोन्हीपैकी कुठल्याही हाताने काढता यायला हवा. आणि खोली आणि आत शिरणं एकाच डाइव्हला वाढवायचं नाही.

शेवटचं, तुम्ही कधी डाइव्ह सोडलीये का? मी एकदा पैसे भरून, गॅस भरून, आदल्या रात्री बडीला मेसेज केला की दोन दिवस झोप नाही, मी नाही येत, आणि तो मेसेज पाठवायला मला तासभर लागला. तो "ठीके, पुढच्या वेळी" एवढंच म्हणाला. तेच जहाज नंतर त्याच्यासोबतच केलं. असं सहज म्हणणारा बडी नसेल तर आधी तो शोधा.