गोठ्याच्या शेणावर चालणारा बायोगॅस : आकार ठरवण्यापासून स्लरीच्या वापरापर्यंत

घरगुती बायोगॅस संयंत्र बांधायचे ठरले की घरात माणसे किती हा प्रश्न आधी विचारला जातो. खरे तर गोठ्यात रोज शेण किती जमते हे आधी पाहायला हवे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो, म्हणजे एका घनमीटरला २५ किलो शेण लागते. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला २ घनमीटरचे संयंत्र पुरते आणि त्याला रोज ५० किलो शेण हवे. मोठे जनावर दिवसाला सुमारे १० किलो शेण देते, पण ते चरायला बाहेर जात असेल तर त्यातले बरेचसे रानातच पडते. म्हणून जनावरे मोजण्यावर न थांबता आठवडाभर शेणाच्या पाट्या प्रत्यक्ष वजन कराव्यात आणि मगच आकार ठरवावा. शेण कमी आणि संयंत्र मोठे अशी स्थिती झाली, तर पुरेसा दाब तयार होत नाही, शेगडी मंद जळते आणि घरातील लोक हळूहळू पुन्हा चुलीकडे वळतात.

शेतकरी कुटुंबासाठी मी दीनबंधू पद्धतीची शिफारस करतो. १९८४ मध्ये विकसित झालेल्या या रचनेत विटांचा घुमट जमिनीखाली असतो आणि गंजणारी लोखंडी टाकी नसते. मात्र घुमटाच्या आतील गिलाव्यात केसाएवढी भेग राहिली तरी गॅस निसटतो, त्यामुळे हे काम दीनबंधूचे प्रशिक्षण घेतलेल्या गवंड्याकडूनच करून घ्यावे. जागा उन्हाची, स्वयंपाकघराजवळची, पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि मोठ्या झाडांच्या मुळांपासून लांब असावी.

पहिली भरणी घाईने करू नये. शेण आणि पाणी समप्रमाणात घेऊन पूरक कुंडीत, म्हणजे भरणी आत सोडण्याच्या कुंडीत, कालवावे, काडीकचरा व खडे हाताने काढून टाकावेत आणि मगच हा काला आत सोडावा. चालू असलेल्या संयंत्रातील थोडी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर बाहेर येणारा काला, शेजाऱ्याकडून आणून त्यात मिसळली, तर गॅस तयार करणारे जिवाणू आयतेच मिळतात आणि सुरुवात लवकर होते. गॅस धरायला हवामानानुसार दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो जळत तर नाहीच, पण हवेत मिसळलेला मिथेन (बायोगॅसमधला जळणारा वायू) ठिणगी पडताच स्फोटही घडवू शकतो. म्हणून घुमटात भरलेला पहिला गॅस पूर्णपणे मोकळ्या हवेत सोडून द्यावा. गॅस पेटतो का हे पाहण्यासाठी संयंत्राच्या तोंडाशी काडी कधीही लावू नये. ती चाचणी शेगडीवरच करावी.

त्यानंतर खरे काम रोजच्या नेमाचे आहे. काला जिथे कुजून गॅस होतो ती घुमटाखालची पाचक टाकी म्हणजे जनावराचे पोटच होय: तिला रोज तेवढेच आणि तसेच खाद्य लागते. आत जिवाणूंचे दोन गट काम करतात. पहिला गट शेणातील पदार्थ तोडून आम्ले तयार करतो आणि दुसरा त्या आम्लांपासून मिथेन बनवतो. दुसऱ्या गटाची वाढ फार सावकाश होते. शिळा भात, पीठ किंवा सडलेली फळे एकदम ओतली, तर आम्ले साचत जातात, मिथेन बनवणारे जिवाणू मागे पडतात, आंबट वास येऊ लागतो आणि ज्योत विझू लागते. असे झाल्यास चार-पाच दिवस भरणी थांबवावी आणि नंतर फक्त ताज्या शेणाच्या पातळ काल्याने थोडी थोडी सुरुवात करावी.

स्वयंपाकघरातील ओला कचरा वर्ज्य नाही. किलोमागे त्यातून शेणापेक्षा जास्त गॅस मिळतो, पण तो बारीक चिरून, रोजच्या भरणीच्या दहाव्या हिश्शापासून सुरू करावा आणि हळूहळू वाढवावा. लिंबू-संत्र्याच्या साली, नारळाच्या करवंट्या, हाडे, साबणाचे पाणी आणि फिनेल आत जाऊ देऊ नये. प्रतिजैविके दिलेल्या जनावराचे शेण उपचार संपून काही दिवस होईपर्यंत बाजूला ठेवावे.

संयंत्राची प्रकृती रेचक कुंडीत, म्हणजे काला बाहेर येतो त्या कुंडीत, डोळ्यांना दिसते. रात्रभर गॅस साचला की घुमटातील दाबाने काला ढकलला जातो आणि सकाळी कुंडीतील पातळी वर आलेली असते. चहा आणि भाकऱ्या होईपर्यंत ती स्पष्ट खाली उतरते. हा चढउतार मंदावला, तर आधी नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, मग पूरक कुंडीच्या तोंडातून लांब बांबूने काला ढवळून वरची साय फोडावी. थंडीत गॅस कमी होणे स्वाभाविक आहे. अशा दिवसांत भरणी सकाळी उशिरा, उन्हात तापलेल्या पाण्याने करावी.

नळीला उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची तोटी बसवावी. ज्योत फडफडू लागली की बहुधा तिथे पाणी साचलेले असते. शेगडी बायोगॅसचीच घ्यावी, कारण सिलिंडरच्या शेगडीचे छिद्र या गॅसला लहान पडते. टाकीत कोणत्याही कारणाने उतरू नये. रिकामी दिसणाऱ्या टाकीतही विषारी वायू असतो आणि प्राणवायू नसतो.

बाहेर येणाऱ्या स्लरीत शेणातील नत्र जवळपास सगळे टिकून असते, मात्र त्याचा मोठा भाग अमोनियाच्या रूपात असल्याने उन्हात वाळवल्यास तो उडून जातो. म्हणून स्लरी शक्यतो ओलीच पाटाच्या पाण्याबरोबर द्यावी. तसे जमत नसेल, तर सावलीतील खड्ड्यात पालापाचोळ्याच्या थरावर ती ओतून लगेच दुसरा थर द्यावा. पालापाचोळा ओल आणि नत्र धरून ठेवतो आणि पेरणीपर्यंत त्याचे चांगले खत होते.