ईसीजीची रेघ हलतेय? मशीनआधी त्वचा बघा

छातीवर मिळणारा हृदयाचा सिग्नल जेमतेम 1 मिलिव्होल्टच्या आसपास. त्याच्या वाटेत कातडीचा वरचा, मृत पेशींचा थर आडवा येतो. हा थर कोरडा असला की वीज अडवतो, ओलावला की वाट देतो.

थंडीत आजींच्या पायावर पांढरी भेग दिसत असते, तरी ईसीजीची क्लिप (हातापायाला लावायचा चिमटा) तशीच लावली जाते. मग घरातल्या विजेची 50 हर्ट्झची बारीक थरथर रेघेवर चढते आणि दोष अर्थिंगला दिला जातो. ओल्या गॉजने ती जागा चार-पाच वेळा घासा, मग जेल लावा. कुठली क्लिप बिघडलीय हे ईसीजीची कागदी पट्टीच सांगते: लीड 1 (दोन हातांमधली नोंद) स्वच्छ, पण 2 आणि 3 (एकेक हात आणि डावा पाय यांमधल्या नोंदी) खराब, तर डावा पाय बघा. स्पिरिटने पुसत असाल तर तेल निघतं, पण कातडी आणखी सुकते. स्पिरिट उडू द्या, जेल लावायला विसरू नका.

घाईत छातीवर जेलचा एकच लांब पट्टा ओढला जातो. हे मला अजिबात चालत नाही. जेलमधून शेजारची टोकं जोडली जातात आणि व्ही3, व्ही4, व्ही5 (छातीवरच्या शेजारशेजारच्या जागांच्या नोंदी) जुळ्या भावंडांसारखे दिसू लागतात. पुसून काढा, प्रत्येक बल्बखाली (छातीला चिकटणाऱ्या रबरी टोकाखाली) वेगळा ठिपका द्या, मधली कातडी कोरडी ठेवा.

आणि घाम. तो खारट, म्हणजे वीज चांगली वाहील, असं वाटतं. पण घामाच्या ग्रंथींचं स्वतःचं व्होल्टेज असतं, ते सावकाश बदलतं. शिवाय बल्ब घसरतो. रेघ सापासारखी वरखाली होते. मे महिन्यात हे रोजचंच, पण छातीत दुखणारा पेशंट गार घामाने निथळत असतो तेव्हा एसटीचा (रेघेत ठोक्याच्या उंच टोकानंतर येणाऱ्या भागाचा) चढउतार मिलिमीटरमध्ये मोजायचा असतो. नेमकं तेव्हाच फिल्टरचं बटण दाबायचा मोह होतो. बेसलाइन (रेघेची मूळ पातळी) सरळ करणारा फिल्टर एसटीचा आकारही बदलू शकतो. त्याऐवजी छाती कोरड्या टॉवेलने टिपा, जेल पुन्हा लावा, लगेच दुसरी पट्टी काढा. डॉक्टरांना दोन्ही दाखवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. टॉवेल कपाटात नको, ईसीजीच्या ट्रॉलीवरच हाताशी ठेवा.