सेफ दिवस मोजायचेच असतील तर नीट मोजा

सेफ दिवस म्हणजे संबंध आला तरी दिवस जात नाहीत ते. आमच्या लातूरकडं बायका सर्रास म्हणायल्यात की पाळीच्या चौदाव्या दिवशी बीज फुटतं, तेवढे दोन दिवस सांभाळलं की झालं. गणित फसतं ते इथंच. बीज फुटल्यावर पुढची पाळी साधारण 12 ते 16 दिवसांनी येते, म्हणजे चौदा दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागं, आणि ती कधी येणार हे आधी कुणाला माहिती? बीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं पण शुक्राणू 5 दिवस आत जिवंत राहू शकतात, म्हणून सोमवारी संबंध आला न् बीज शुक्रवारी फुटलं तरी दिवस जातात की.

तर कमीत कमी 6 महिने पाळी सुरू झाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, दुधाचा खाडा लिहिता तिथंच. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढची पाळी येईपर्यंत किती दिवस गेले ते मोजा. त्यातल्या सगळ्यात कमी आकड्यातून 18 वजा करा, सगळ्यात मोठ्यातून 11. माझं 26 आणि 31, म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून आठव्या ते विसाव्या दिवसापर्यंत नाही म्हणजे नाही, त्या तारखांना लाल गोल करा. माझ्या जावेचं 24 न् 36, तिला 6 ते 25, मग तिला राहिलं काय? महालक्ष्म्यांना पाळी पुढं ढकलायची गोळी घेतली असंल तर तो महिना हिशोबात धरूच नका.

नुसत्या तारखांवर न जाता अंगावरून जाणारं पाणी पण बघा. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत, दोन बोटांत धरलं की पाकासारखी तार निघत असंल तर दिवस धोक्याचे. बीज फुटल्यावर अंगाचं तापमान 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअस चढतं, आधीच्या 6 दिवसांपेक्षा सलग 3 दिवस जास्त आलं आणि पाणी पण आटलं की मगच मोकळं. पण तापमान अंथरुणातून उठायच्या आधी बघावं लागतं, आणि आमच्याकडं पहाटे तीनला नळ आला की कळशी घेऊन पळावं लागतं, त्या दिवसाचा आकडा गेला.

भरवसा किती? पद्धत कोणती न् पाळता किती यावर, पण रोजच्या वापरात वर्षभरात 100 जणींत 2 ते 23 जणींना दिवस जातात, तांबीला एकीपेक्षा कमी. अंगावर पाजताना, पीसीओडी असताना, चाळिशीत पाळी मागंपुढं व्हायली असंल तर या भानगडीत पडूच नका. चुकलंच तर संबंधानंतर 72 तासांच्या आत दिवस न जाण्याची तातडीची गोळी, जितकी लवकर तितकी बरी. आणि कॅलेंडरवरचे लाल गोल नवऱ्याला पण दाखवा, त्या तारखांना कंडोम लागणारच, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.